सदतीस अंशांची खोली

४ एप्रिल

आले एकदाची. खरं सांगायचं तर छान वाटतंय, इतकं छान की मलाच माझा संशय येतोय. बावीस वर्षं वॉर्डात उभं राहून पायांच्या शिरा फुगवून घेतल्या. आता पहिल्यांदाच अशी खोली मिळाली आहे जिला खिडकी आहे, खिडकीला पडदा आहे आणि पडद्यामागे दुसऱ्या कुणाचा पलंग नाही.

संस्था वस्तीपासून लांब, गोदामांच्या रांगेच्या अगदी शेवटी. दुमजली पांढरी इमारत, बाहेरून शाळा वाटावी अशी. आग विझवणारे, ओतकामाच्या भट्टीवरचे कामगार यांच्यासाठी जे जाड पोशाख बनतात, ते घालून माणूस किती वेळ तग धरतो हे इथं मोजतात. स्वयंसेवक सहा. त्यांची वजनं, नाडी, ताप, सगळं माझ्याकडे.

इथल्या मुख्य डॉक्टरांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. ते स्वतः दारापर्यंत आले आणि माझी बॅग उचलली. साठीचे, बारीक, आवाज इतका मऊ की पुढं वाकून ऐकावं लागतं. माझी आधीची नोकरी का गेली ते त्यांना माहीत होतं. पेशंट अर्धवट शुद्धीत असताना मोठे सर्जन त्याच्या पोटावरून विनोद करत होते, आणि मी त्यांच्या दिशेनं किडनी ट्रे भिरकावला होता. (लागला नाही. याचं आजही वाईट वाटतं.) सर म्हणाले, राग येणं हे प्रकृती ठणठणीत असल्याचं लक्षण आहे. असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आक्काला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, चला, तुझ्या तोंडाला झाकण लावणारा माणूस भेटला म्हणायचा.

मोबाईल मात्र दारातच काढून घेतात. पोटात गिळायच्या मोजणीच्या गोळीला म्हणे त्याचा अडथळा होतो. दिवसातून एकदा ऑफिसच्या फोनवरून बोलायचं. चालेल. आक्काची बडबड तेवढीच कमी.

६ एप्रिल

आज 'भट्टी' पाहिली. गरम खोलीला इथले लोक भट्टीच म्हणतात. पत्र्याच्या भिंती, मधोमध चालायचा पट्टा, एका बाजूला जाड काच. काचेच्या अलीकडे मी आणि माझं टेबल. आत पंचेचाळीस अंश. जाड पोशाख चढवून माणूस पट्ट्यावर तासभर चालतो. आधी गिळलेली गोळी त्याच्या पोटातून आतला ताप कळवत राहते आणि माझ्यासमोरच्या पडद्यावर आकडा उमटतो.

आणि तो आकडा जागचा हलत नाही! म्हणजे हलतो, पण किती? सदतीसचा साडेसदतीस, फार फार तर अडतीसच्या थोडा पुढे. खरं तर माणूस आत शिजून निघायला हवा. पण त्याचं रक्त आतली उष्णता कातडीपर्यंत आणून सोडतं, कातडी घाम गाळते, घाम वाळताना ती उष्णता घेऊन जातो, आणि माणूस आपल्या जागी ठाम. सर म्हणाले, थंडीत कुडकुडणं, पाणी कमी पडलं की तहान लागणं, जेवल्यावर वाढलेली साखर उतरवणं, सगळं त्याच जातीचं. शरीर दिवसरात्र स्वतःला सावरत असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बावीस वर्षं मी घामेजलेल्या चादरी नाक मुरडत बदलल्या. आज पहिल्यांदा घामाचं कौतुक वाटलं.

सहा जणांत माझा आवडता झाला पोस्टमन. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, बायको त्याच वर्षी गेली. घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा इथं पट्टा तुडवलेला बरा, म्हणाला. पोटऱ्या दगडासारख्या. मला 'सिस्टरबाई' म्हणतो. भट्टीतून बाहेर आला की बनियन पिळून दाखवतो आणि विचारतो, आज कितवा नंबर? एका तासात एक किलो तीनशे ग्रॅम घाम. पहिलाच नंबर. असा खूश झाला जणू परीक्षेत पहिला आलाय.

११ एप्रिल

डोकं फिरलंय. शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

आज पोस्टमन भट्टीत गेला. जायच्या आधी सरांनी सगळ्यांना मिठाची म्हणून एक छोटी पांढरी गोळी दिली. अर्ध्या तासात माझ्या पडद्यावर ३८.७ आला. मग ३८.९. काचेतून बघितलं तर तोंड लालबुंद आणि कोरडं. कपाळावर एक थेंब नाही. एकोणचाळीसला पट्टा थांबवायचा असा नियम भिंतीवर लावलाय, सरांच्याच सहीचा. मी बटणाकडे हात नेला तर सरांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, थोडं बघू या. ३९.४ झाला. मी त्यांचा हात झटकून पट्टा बंद केला आणि दार उघडलं.

पोस्टमनचं वजन केलं. जाताना बहात्तर किलो चारशे. येताना बहात्तर किलो तीनशे ऐंशी. मला वाटलं काटा बिघडला. स्वतः उभी राहिले, मग पाण्याची बादली ठेवून पाहिली. काटा ठणठणीत. माणूसच घाम गाळायचा विसरला होता. तो हसून म्हणाला, आज काही मी पास नाही सिस्टरबाई. जीभ टाळूला चिकटत होती, शब्द नीट फुटत नव्हते.

मग मी सरांवर ओरडले. सगळी इमारत ऐकत असेल. नियम लिहायचा आणि आपणच मोडायचा, माणूस आहे की कुकरची शिट्टी, वगैरे वगैरे. त्यांनी काय करावं? माझं मनगट हातात घेतलं. मला वाटलं समजूत घालतायत. ते माझी नाडी मोजत होते! मी ओरडत असताना! आणि मोजून वहीत लिहिली. एकशे चोवीस. मग म्हणाले, आता चार मिनिटं बोलू नका, ती किती वेळात उतरते ते बघायचंय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असा अपमान त्या सर्जननंही केला नव्हता.

१४ एप्रिल

यंत्रांची खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला आहे. ती सांभाळणारा मिस्त्री आधी नुसता मान हलवायचा. आज त्याच्या दारात जाऊन ठिय्याच दिला. सगळ्या खोल्यांचे तापमानाचे काटे तिथं भिंतीवर आहेत. भट्टी, थंड खोली, ऑफिस. आणि एक काटा ज्याखाली काहीच लिहिलेलं नाही. तो सदतीसवर. तासभर बसले, केसभर हलला नाही.

मी विचारलं ही कुठली खोली. मिस्त्री म्हणाला, वरच्या मजल्यावरची, सामानाची. सामानाला सदतीस अंश कशाला लागतात? त्यावर तो तेलकट फडक्यानं हात पुसत राहिला, पुसत राहिला, मग म्हणाला, आपण बरं, आपलं काम बरं. वीज गेली तर दहा सेकंदांत जनरेटर चालू व्हायला हवा, नाहीतर सर त्याला सोडणार नाहीत, एवढंच त्याला माहीत. हे बोलताना त्याचा आवाज कापत होता. पन्नाशी उलटलेला आडदांड माणूस!

वर उंदीर-ससे ठेवले असतील. असतीलही. पण वर रोज जेवणाचं ताट जातं, हे मी पाहिलंय. सशांना कुणी ताटात वाढत नाही.

१६ एप्रिल

पोस्टमनच्या उजव्या कानामागं चिकटपट्टी आहे. काल दुपारी सरांनी 'छोटासा उपाय' केला म्हणाला. सुई गेली एवढंच कळलं, दुखलं नाही.

आज तो आवारात ऐन दुपारच्या उन्हात स्वेटर घालून बसला होता. का, म्हटलं. आठवत नाही, म्हणाला. सकाळपासून पाणी प्यायला नव्हता, तहानच लागली नाही. मी स्वयंपाकघरातून बर्फाचे खडे आणून त्याच्या तळहातावर ठेवले. दुसरा कुणी ओरडला असता. तो बघत बसला. अंगावर काटा नाही. मग थंड खोलीच्या दारात त्याला दोन मिनिटं उभं केलं. कुडकुडला नाही. पण ताप मोजला तर अर्ध्या अंशानं खाली. बाहेर आणून उन्हात बसवला तर भराभर वर. दगड तापतो, दगड निवतो, तसा. सगळं सावरणारं जे काही आत असतं, ते त्याच्या आतून कुणीतरी काढून घेतलंय.

मी सरांच्या खोलीत न विचारता घुसले. त्यांनी मला बसायला सांगितलं, मी बसले नाही. ते म्हणाले, शरीराची बहुतेक मेहनत स्वतःला जागेवर ठेवण्यातच जाते. आयुष्यभराची हमाली. ती मी काढून घेतो. बाहेरून सांभाळता येतं, खोलीनं, यंत्रानं. मग माणसाला तहान नाही, थंडी नाही, धडधड नाही, भीती नाही. ही दया आहे, सिस्टर.

दया! मी टेबलावरचा त्यांचा चहा त्यांच्या वहीवर ओतला. त्यांनी खिशातून रुमाल काढून पानं टिपली आणि म्हणाले, तुमच्यासारखं शरीर मी पाहिलेलं नाही. इतकं उसळतं आणि चार मिनिटांत जागेवर येतं. तुम्हाला किती थकवा येत असेल.

नोकरी सोडायची चिठ्ठी लिहिली आणि फाडली. बाकीच्या पाच जणांना मी आज सकाळीच खडसावून घरी घालवलंय, ते गेलेसुद्धा. पोस्टमनला मात्र बाहेर पाठवायचं तर कुठं? घरी एकटाच. दुपारच्या उन्हात मरेल आणि त्याला कळणारही नाही. आक्का फोनवर म्हणाली, तू निघून ये, जगाचा मक्ता घेतलायस का? मी तिच्यावरही ओरडले.

१८ एप्रिल

आजचं सगळं क्रमानं लिहिते. 

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली होते. मिस्त्रीच्या खिळ्यावरची चावी उचलली आणि वर गेले. दोन दारं, एकामागं एक. आत गेल्या गेल्या दमट ऊब अंगावर आली, आजारी माणसाच्या पांघरुणात शिरल्यासारखी.

खिडकी नाही. खुर्चीवर एक बाई. तिशीची. माझ्यासारखाच पांढरा गणवेश. तिनं मान वळवली आणि ओळख असल्यासारखी हसली. म्हणाली, तुम्ही नव्या सिस्टर का? मी जुनी.

मी तिचा हात धरला. तो गरम नव्हता, गारही नव्हता. त्या हवेहून वेगळा असा तो लागतच नव्हता. नाडी साठ. मी विचारलं, कधीपासून? आठवत नाही म्हणाली. भूक लागते का? ताट आलं की जेवते. इथून बाहेर यायचंय का? यावर तिनं जरा विचार केला, कुणी तिला जुन्या पत्त्याबद्दल विचारावं तसा. नको म्हणाली. सर चांगले आहेत. आणि मग म्हणाली, दार उघडं राहिलंय, लावता का.

मी तिच्याशी भांडत होते. चल म्हणत होते, खांदे धरून हलवत होते. दोन्ही दारं सताड उघडी आणि बाहेरच्या बोळात गार हवेचं यंत्र चालू. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिचे ओठ निळे पडले. ती कुडकुडत नव्हती. हसतच होती. निळ्या ओठांनी पुन्हा म्हणाली, लावता का दार. आणि बाबांना सांगा, वेळेवर जेवत जा म्हणावं.

मी दार लावलं. मीच. माझ्या हातांनी तिला आत कोंडलं, कारण दुसरा इलाज नव्हता.

खोलीत दुसराही पलंग आहे. चादर नवी, उशीच्या अभ्र्याची घडीही मोडलेली नाही.

१९ एप्रिल

दोन मैल चालत जाऊन एका दुकानातून आरोग्य खात्याच्या ऑफिसात फोन केला. दुपारी अधिकारी आला. मला वाटलं, झालं, सुटलो.

तो सरांबरोबर चहा प्यायला. कागद पाहिले, सगळ्यांवर सह्या आहेत. पोस्टमनला विचारलं, तो म्हणाला काही तक्रार नाही. वर गेला, जुन्या सिस्टरशी बोलला, खाली आला. ती म्हणाली म्हणे, इथं बरं वाटतं. आणि सरांनी अतिशय दुःखानं, खालच्या आवाजात, त्याला माझ्या आधीच्या नोकरीची हकिगत सांगितली. मी दाराशीच उभी होते.

अधिकारी जाताना मला म्हणाला, बाई, जरा शांत होत जा.

शांत! या शब्दाला मी आयुष्यभर तोंड देतेय. कुणी मरत असलं की शांत. कुणी मारत असलं की शांत. वर बसलीय की तुमची शांत बाई, ओठ निळे करून! मी त्याच्या गाडीच्या टपावर मूठ आपटली. त्यानं काच वर केली.

२१ एप्रिल

तिचे बाबा कोण ते इथं मिस्त्रीलाच माहीत असेल, म्हणून त्याला निरोप दिला. वेळेवर जेवत जा, असं ती म्हणाली म्हणून.

तो जमिनीवरच बसला. ती त्याची लेक आहे. दीड वर्षापूर्वी इथं कामाला लागली, त्याला कळलं तोवर सुई देऊन झाली होती. तेव्हापासून तो या यंत्रांपाशी बसलाय. मी म्हटलं, अहो, मग पोलिसांत जा, जीव घ्या त्या माणसाचा! तो म्हणाला, आणि सर गेले, संस्था बंद पडली, वीज तोडली, तर माझी पोर किती मिनिटं जगेल? मोठ्या दवाखान्यात तशी खोली आहे का? मला सांगा सिस्टर, आहे का? मी आजच्या आज तिला खांद्यावर घेतो.

 माझा राग पहिल्यांदाच कुठं टाकावा ते कळेना. मी त्याच्या शेजारी बसून राहिले आणि दोघं त्या काट्याकडे बघत बसलो.

शेवटी तोच म्हणाला, त्या पोस्टमनला न्या. त्याला सुई देऊन आठवडाच झालाय, कदाचित काही होईल. माझी व्हॅन घ्या. मी इथून हलू शकत नाही.

घसा सारखा कोरडा पडतोय. ओरडून ओरडून असणार.

२२ एप्रिल

ओरडून नाही.

सकाळी भट्टीचं पत्र्याचं दार पुसायला आत गेले. वीस मिनिटं होते. बाहेर आले तर गणवेश कोरडा. काखेत हात घालून पाहिला. कोरडा. कपाळ, मान, गुडघ्यामागची घडी, सगळं कागदासारखं.

खोलीत येऊन पाण्याचा जग तोंडाला लावला आणि मग थुंकले. खाली किंचित कडवटपणा आहे. रोज भरून ठेवतात. कधीपासून? अकरा तारखेपासून? त्याआधीपासून?

जग भिंतीवर फोडला.

आरशात कानामागं बघितलं, दोन्ही. बोटांनी चाचपलं. पट्टी नाही. सुई नाही अजून. म्हणजे नुसतं औषधच. औषध उतरतं. उतरेल. आता फक्त नळाचं पाणी, तेही वाहत्या धारेचं.

सर जिन्यात भेटले. डोळे बघू म्हणाले. मी सांगितलं, हात लावाल तर बोट तोडीन. ते म्हणाले, बाहुल्या छान मोठ्या झाल्यात.

तो दुसरा पलंग पोस्टमनचा नाही.

२३ एप्रिल

अक्षर मोठं काढतेय. जवळचं दिसत नाही, रेघा एकमेकींत जातात. नाडी ११८, नुसती बसलेय तरी. ताप ३८.१. लघवीला होत नाही. कालपासून नळाचंच पाणी, तरी वाढतंय, म्हणजे जेवणातही घालतात. उशीवर मुंग्या दिसल्या, झटकल्या, नव्हत्या.

भाजी नासकी निघावी तसं आपलंच अंग आपल्याशी — संताप, संताप येतोय. तेवढाच एक माझा आहे.

उद्या अकराला. सर त्या वेळी हिशेबनीसाबरोबर ऑफिसात असतात. मिस्त्रीनं व्हॅनची किल्ली दिली. मागं दोन कॅन पाणी, चादरी. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं पूर्वी गाडी शिकवली होती, चालवेन. दवाखाना तेरा मैलांवर.

मिस्त्री म्हणाला, माझं नाव कुठं सांगू नका. मग म्हणाला, नाही, सांगा.

२४ एप्रिल, अकरा वीस

निघालो. आवारातून बाहेर. कुणी अडवलं नाही. पोस्टमन मागे आडवा. हलका झालाय.

ऊन — डोळ्यांत सुया. सगळं पांढरं. रस्त्याची कड दिसत नाही. दोनदा खाली उतरले. थांबवलीय. जरा डोळे —

अकरा पन्नास

तीन मैल झाले असतील. पुन्हा थांबले. गोदामांमागचा नवा रस्ता, अर्धवट, एक झाड नाही, एक माणूस नाही. मोबाईल मागायचा राहिला. मूर्ख मी, मूर्ख.

व्हॅन तापलीय. त्याचा ताप ३९.२. चादर ओली करून त्याच्यावर, पुठ्ठ्यानं वारा घालतेय. ३८.८. त्याच्या कातडीनं करायचं ते काम मी हातांनी करतेय. हात थांबला की आकडा वर. मला स्वतःलाही — डोक्यावरून पाणी ओतलं. वाळलं लगेच.

तो बोलतोय. त्याच्या जुन्या गल्ल्या सांगतोय, घरांचे नंबर. चौदा, पंधरा, सोळा, कुत्रा, सतरा. मी म्हटलं थांबू नका, सांगत राहा.

बारा दहा

एक कॅन संपला. ३९.५.

मागून गाडी. पांढरी. सरांची.

बारा वीस

दारं लावलीत. काचा वर.

सर उतरला. एकटाच. छत्री उघडली. बर्फाची पेटी रस्त्यावर ठेवली, झाकण काढून, दिसावी म्हणून. काचेवर टकटक करून बोलला. म्हणाला, काच फोडणार नाही. घाई नाही. खोली तयार आहे, सदतीस अंश, दोघांनाही लगेच बरं वाटेल. तुम्हीच दार उघडाल.

आणि घड्याळ बघतोय.

नुसता उभा राहून घड्याळ बघतोय. आमची अंगंच त्याचं काम करणार. त्याला बोटसुद्धा —

काच खाली केली तर हवा. हवेबरोबर त्याचा हात, हातात सुई. गाडी पळवायची तर रस्त्याची कड दिसत नाही.

बारा तीस

पोस्टमन ४०.१. बोलत नाही. पुठ्ठा मोडला. वहीनं वारा, मग लिहिते, मग वारा.

मी ३९.७. सीटवर मुंग्या. नाहीत. आहेत.

पाणी तळाला.

कुणाला सापडली ही वही तर. वरच्या मजल्यावर मिस्त्रीची लेक आहे. तिला बाहेर काढू नका. आधी खोली बांधा. आधी तशीच खोली बांधा आणि मग तिला हलवा, समजलं? सदतीस. आणि शांत व्हा म्हणणाऱ्या त्या ऑफिसरला —

पोस्टमन श्वास घेतोय अजून. मोजले. चाळीस.

तो पुढं आलाय. व्हॅनच्या समोर, छत्रीखाली, मला नीट बघायला. हसतोय. चार मिनिटांत मी जागेवर येईन असं त्याला वाटतं. माझी नाडी तो दुरूनच मोजतोय. मोज.

किल्ली लावली.

समोर सगळं पांढरं आणि मधे एक काळी छत्री. तेवढी दिसते. तेवढी पुरे. तो हलत नाही, त्याला वाटतंय मी ब्रेक